राजारामपुरीतील एक घरगुती पाळणाघर: दीड वर्षानंतरचे मत

माझा मुलगा अकरा महिन्यांचा असताना त्याला कोल्हापुरातील राजारामपुरीच्या एका गल्लीतील या घरगुती पाळणाघरात ठेवले, त्याला आता दीड वर्ष झाले. पाळणाघर चालवणाऱ्या काकू एका वेळी बारांहून अधिक मुले घेत नाहीत, त्यांना जाहिरातही नको आहे आणि पुढे एका तक्रारीचा उल्लेख येणार आहे, म्हणून नाव देत नाही. अशी जागा शोधताना काय पाहावे, याचा अंदाज मात्र यावरून येईल.

मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत हिशेबाचे काम करते. कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते, ती मलाही मिळाली. त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन येण्याची मुभा दिली. परंतु आमच्याकडे माणसे चाळिसाच्या आसपास, त्यामुळे ती तरतूद आमच्या फाटकाबाहेरच राहिली. रजा संपल्यावर तीन महिने सासूबाईंनी नातवाला सांभाळले, पण गुडघ्यांमुळे त्यांना त्याच्यामागे उठबस जमेना, आणि शोध सुरू झाला.

आधी दोन महिने तो दुसऱ्या एका पाळणाघरात होता. तेथे रंगीत भिंती, भरपूर खेळणी, कॅमेरे सगळे होते; पण रोज दुपारी मुलांचे डबे उघडून त्यांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले जात. हेतू चांगलाच असावा. प्रत्यक्षात मात्र कोणाची नाचणीची पेज, कोणाची मूगडाळीची धिरडी यांची रोज परीक्षा होऊ लागली, आणि महिनाअखेरीला ताळेबंद जुळवता जुळवता घरी पोचायला रात्र झाल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या डब्यात दूध-बिस्किटे गेली. ग्रुपवर कोणी एका शब्दाने टोकले नाही. एकीने फक्त मैद्याविना घरी करायच्या बिस्किटांची कृती टाकली.

राजारामपुरीच्या या पाळणाघरात घरचा डबा चालतच नाही, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. सगळ्या मुलांना एकच जेवण असते: मऊ भात, मुगाचे वरण, वरून तूप, कुस्करलेली एखादी भाजी, आणि चार वाजता केळे किंवा रव्याची खीर. तिखट अजिबात नाही, याबद्दल तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या आमच्या सासऱ्यांची कुरकुर अजून थांबलेली नाही. कोणत्या आईने पहाटे उठून काय केले आणि कोणाला जमले नाही, हे ताटावरून ओळखता येत नाही.

जागा साधी आहे. शहाबादी फरशीचा एक लांब हॉल, प्रत्येक मुलाची स्वतंत्र वाकळ, दोन मावश्या आणि खिडकीत एक शंभरपानी वही. त्या वहीत रोजची नोंद असते: ‘झोप १.१० ते २.४५. वरण दोन वाट्या, भात टाकला. चारला रडला, दात येत असावा.’ ज्याचे त्याचे पान फक्त त्याच्या पालकांना दाखवले जाते. दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या मला कॅमेऱ्यापेक्षा ही वही अधिक विश्वासाची वाटते, हा कदाचित माझ्या नोकरीचा दोष असेल. खेळायला अंगण नाही, केवळ कठडा उंच केलेली गच्ची आहे, आणि न्हाणीघर एकच असल्यामुळे संध्याकाळी तेथे रांग लागते. ताप उतरून एक दिवस झाल्याशिवाय मुलाला परत घेत नाहीत. हा नियम योग्य आहे, पण तो पाळताना माझ्या किरकोळ रजा डिसेंबरआधीच संपल्या.

दाराशी एक कट्टा आहे. अर्ध्या दिवसासाठी मुलांना ठेवणाऱ्या आया दुपारी तेथे थांबतात. एकदा मी अर्ध्या रजेवर आले असताना त्यांपैकी एकीने विचारले, ‘‘रोज साडेसहापर्यंत राहतोय होय? आमचा नाही बाई राहायचा.’’ मी उत्तर जुळवत होते, तोवर आतून मोठ्या मावशी म्हणाल्या, ‘‘राहतोय की निवांत. मी बघतो त्याला.’’ कोल्हापूरच्या बायकांचे हे ‘बघतो’ बाहेरगावच्या माणसांना विचित्र वाटते. मला त्या दिवशी त्याने फार आधार दिला.

आता तक्रार. गेल्या जूनमध्ये काकूंनी कोणते मूल किती वाजता नेले याची यादी आठवड्यातून एकदा ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. शिरोलीहून निघाल्यावर तावडे हॉटेलपाशी गाड्या तुंबल्या की माझे साडेसहाचे पावणेसात होतात, त्यामुळे तीन आठवडे माझ्या मुलाचे नाव तळाशी राहिले आणि कट्ट्यावरच्या नजरा बदलल्या. ज्या गोष्टीपासून सुटका म्हणून मी येथे आले, तीच पुन्हा पुढ्यात आली, असे मी काकूंना स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग कारण सांगितले: मोठ्या मावशींची केएमटी बस चुकली की पुढची मिळेपर्यंत त्यांची नऊ वर्षांची मुलगी घरी एकटी असते. वर्षभर मी माझा मुलगा त्यांच्या हातात देत होते, पण त्यांची मुलगी कोणाकडे असते, हे मी एकदाही विचारले नव्हते. यादी त्याच आठवड्यात बंद झाली. त्याऐवजी साडेसहानंतरच्या दर पंधरा मिनिटांना पन्नास रुपये ठरले, आणि ते थेट मावशींना मिळतात. यादी आधी टाकायला नको होती, हे माझे मत कायम आहे. पण मीही आता निघायला उशीर होणार असे दिसले की यजमानांना पाचलाच फोन करते.

पावसाळ्यातली त्यांची पद्धत विशेष सांगण्यासारखी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की नदीपलीकडे नोकरीला असलेल्या पालकांना काकू स्वतः फोन करतात, आणि पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले की मुलाला रात्री कोण नेणार, हे सकाळीच लिहून घेतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

जेवणासह महिन्याला साडेचार हजार रुपये पडतात आणि रविवारी सुट्टी असते. आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी असते, त्यामुळे सोमवारी मी घरीच असते. तरीही महिन्यातून एकदोन सोमवारी मी मुलाला दुपारपर्यंत तेथे ठेवते. कपड्यांचा ढीग आवरते आणि खरे सांगायचे तर झोपते. ‘‘आज तर तुम्हाला सुट्टी ना?’’ हे कट्ट्यावर विचारून झाले आहे. पहिल्या सोमवारी मी दारातच कारण सांगू लागले, तेव्हा काकूंनी वही उघडली आणि तो सकाळी काय खाऊन आला आहे, एवढेच विचारले.