नवी डिझायर: नाशिककरांनी कोणता व्हेरियंट घ्यावा

मारुतीच्या नव्या डिझायरमधला खरा बदल बॉनेटखाली आहे. चार सिलिंडरचं जुनं इंजिन गेलं आणि नोव्हेंबर २०२४ पासून तीन सिलिंडरचं १,१९७ सीसी झेड१२ई नावाचं इंजिन आलं. ताकद ९० पीएसवरून (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) ८२ पीएसवर उतरली, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर ११२ न्यूटन-मीटरच्या आसपास तसाच राहिला. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या गर्दीत हा फरक जाणवत नाही. सिग्नलला उभं असताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की बारीक थरथर लागते, तेवढंच.

फरक कळतो कसारा घाट चढताना. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी सुरू, आणि पुढे ट्रक. तिसऱ्या गिअरमध्ये वेग ३५-४० वर आला की इंजिन घरघरतं आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही, कारण पूर्ण टॉर्क इंजिनच्या मिनिटाला ४,३०० फेऱ्यांना (आरपीएम) मिळतो. वळण यायच्या आधीच दुसरा गिअर टाका आणि आरपीएमचा काटा ३,००० च्या वर ठेवा. एएमटी (क्लचशिवायची, आपोआप गिअर बदलणारी गाडी) असेल तर घाटात लिव्हर मॅन्युअलवर घ्या. नुसत्या ‘डी’मध्ये, म्हणजे ऑटोमॅटिकवर, ती ऐन वळणावर वरचा गिअर टाकते आणि मग खाली येताना झटका देते. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर संपवू नका. चार माणसं बसवून एखाद्या तळघर पार्किंगच्या रॅम्पवर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहा.

व्हेरियंट चार: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस. सुरक्षेत कंपनीने भेदभाव केलेला नाही, ही या गाडीची सगळ्यात चांगली गोष्ट. सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय) आणि पाचही जागांना तीन टोकांचा सीटबेल्ट अगदी एलएक्सआयपासून मिळतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३४ पैकी ३१.२४ गुण आणि पाच तारे मिळाले. मारुतीच्या गाडीला तिथे पाच तारे मिळण्याची ही पहिलीच वेळ.

एलएक्सआयमध्ये मागे एसीचे व्हेंट नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात आजी-आजोबांना मागे बसवून सप्तशृंगीला निघायचं असेल तर हा व्हेरियंट विचारातच घेऊ नका. व्हीएक्सआयमध्ये मागचे व्हेंट आणि सात इंची स्क्रीन येते, पण हेडलाइट हॅलोजन आणि चाकं १४ इंची स्टीलची. झेडएक्सआयला एलईडी हेडलाइट, १५ इंची अलॉय, ऑटो एसी आणि रिव्हर्स कॅमेरा. पावसाळ्यात त्र्यंबक रोडवर रात्री धुकं आणि पाऊस एकत्र असतो तेव्हा या दिव्यांची किंमत कळते. आमच्या मते घरच्या वापराला झेडएक्सआय मॅन्युअल हाच व्हेरियंट.

प्लसमध्ये नऊ इंची स्क्रीन, ३६० अंशांचा कॅमेरा, क्रूझ कंट्रोल आणि सनरूफ. समृद्धीवर वारंवार जाणाऱ्याला क्रूझ, म्हणजे पाय न दाबता ठरवलेला वेग राखणारी सोय, उपयोगी. सनरूफ घेतलं तर मात्र त्याची निगा राखा. चौकटीच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात. उन्हाळ्यातली धूळ त्यांत बसते आणि पहिल्याच मोठ्या पावसात छताचं अस्तर ओलं होतं. मे अखेरीस रबर आणि रुळ ओल्या फडक्याने पुसा, कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओता. ते गाडीखाली टपकलं तर मार्ग मोकळा. तुंबलं तर भोकात तार खुपसू नका, आतली नळी सुटते.

सीएनजी व्हीएक्सआय आणि झेडएक्सआयमध्येच, तेही फक्त मॅन्युअल. ताकद ७० पीएस. लाँचच्या किमतींत पेट्रोलपेक्षा ९५ हजार जास्त होते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरा, प्रत्यक्ष मायलेज अनुक्रमे लिटरला १७ आणि किलोला २४ किलोमीटर धरा. किलोमीटरमागे साधारण २ रुपये ४० पैसे वाचतात, म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला ३९-४० हजार किलोमीटर लागतात. सिडकोतून सातपूर एमआयडीसीत रोज ये-जा, एवढ्या वापराला हे गणित जमत नाही. रोज सिन्नर किंवा दिंडोरीला जाणाऱ्याला तीन-चार वर्षांत जमतं. शिवाय ३८२ लिटरच्या डिकीतली बरीच जागा सीएनजीची टाकी खाते, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते आणि भरल्या गाडीनिशी घाटात पेट्रोलवर यावं लागतं.

ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. मागे तिघं आणि सामान असताना कॉलनीतल्या हाताने बांधलेल्या उंच गतिरोधकांवर पोट घासू शकतं, तिथे गाडी तिरकी काढा.

कोटेशन घेताना २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा १८ टक्के जीएसटी लावलाय का ते पाहा. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी म्हणून डिझायरला तो लागू आहे. विमा बाहेरून काढायची मोकळीक असते, ‘हँडलिंग’च्या नावाने डीलरने लावलेला जादा आकडा खोडायला सांगा. पैसे पूर्ण भरण्याआधी यार्डात जाऊन तीच गाडी दिवसा उजेडी बघा: चासी नंबर कागदाशी जुळवा, पाचही टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ‘३२२५’ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा सहा महिने जुना निघाला तर डिलिव्हरीआधीच बदलून मागा.