ज्यूद्वेषाची तक्रार आणि १८० दिवसांची मुदत: अमेरिकी नागरी हक्क कार्यालयाच्या सेवेचं परीक्षण

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात कुणी ज्यू म्हणून, मुस्लिम म्हणून, शीख किंवा हिंदू म्हणून विद्यार्थ्याचा छळ केला आणि विद्यापीठाने हात वर केले, तर दाद मागायची ती शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे. तिकडे सगळे त्याला 'ओसीआर' म्हणतात. फी नाही, वकील लागत नाही, नागरिकत्वाची अट नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर गेलेला विद्यार्थीही तक्रार करू शकतो. छळ स्वतःचाच झालेला असावा लागतो असंही नाही, दुसऱ्याच्या वतीने तक्रार चालते. अर्ज ऑनलाइन, दहा-पंधरा मिनिटांत भरून होतो. कागदावर पाहिलं तर पाचपैकी पाच गुण द्यावेत अशी ही सेवा आहे. प्रत्यक्षात अडीच. विद्यापीठाला वळण लावायला ती उपयोगी पडते, पण पुढच्या आठवड्यात वर्गात निर्धास्त बसता यावं म्हणून तक्रार करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

बहुतेक तक्रारी पहिल्याच पायरीवर का पडतात ते आधी पाहू. ओसीआरचा अधिकार येतो १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणातून, म्हणजे 'टायटल सिक्स'मधून. त्यात तीनच शब्द आहेत: वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ. धर्म हा शब्द तिथे नाही! २००४ साली या कार्यालयाने पत्र काढून भूमिका स्पष्ट केली की एखाद्या धर्माच्या लोकांना त्यांच्या समान पूर्वजांवरून किंवा वांशिक ओळखीवरून लक्ष्य केलं जात असेल, तर ते प्रकरण इथे चालेल. २०१० मध्ये ती भूमिका आणखी सविस्तर मांडली गेली. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली ज्यू, गावात ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवत. घाणा बंद ठेवणं हे धर्माचरण झालं, आणि त्यावरून अख्ख्या समाजाची वेगळी जात ठरणं ही झाली वंशाची ओळख. ओसीआरला यातली फक्त दुसरी बाजू दिसते.

म्हणून 'माझ्या धर्माचा अपमान झाला' एवढंच लिहिलेली तक्रार अधिकारकक्षेबाहेर म्हणून परत येऊ शकते. 'ज्यू असल्यामुळे मला "तुझ्या देशात परत जा" असं म्हटलं', 'आडनाव आणि दिसण्यावरून मला अरब समजून दहशतवादी म्हटलं' असं लिहिलं तर ती आत येते. योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशीच परीक्षा ठेवली आणि बदलून दिली नाही, ही शुद्ध धर्माचरणाची तक्रार. सरकारी विद्यापीठाच्या बाबतीत ती त्याच कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे जाते, कारण त्या प्रकरणात धर्माचा उल्लेख आहे. दोन्ही बाजू असतील तर दोन्हीकडे अर्ज करावा.

आता सरकारी विद्यापीठाची खास अडचण. हार्वर्ड खासगी आहे, ते आपले नियम आपण करू शकतं. बर्कली, मिशिगन, व्हर्जिनिया ही सरकारची विद्यापीठं; त्यांना राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी, लागू होते. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात मशाली घेऊन 'ज्यू आमची जागा घेणार नाहीत' अशा घोषणा देत माणसं फिरली. अशा घोषणांचा कुलगुरू कडक शब्दांत निषेध करू शकतात आणि तो त्यांनी करायलाच हवा. निषेधाला घटनेची आडकाठी नाही. पण केवळ घृणास्पद बोलला म्हणून सरकारी विद्यापीठ कुणाला काढू शकत नाही. प्रत्यक्ष धमकी, तात्काळ हिंसेची चिथावणी, विशिष्ट व्यक्तीचा पिच्छा पुरवणं, तोडफोड, वर्ग बंद पाडणं यांवर मात्र कारवाई करता येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाला एका गोऱ्या वंशवादी वक्त्याच्या सभेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त खर्च सुरक्षेवर करावा लागला. हा खर्च आयोजकांच्या माथी मारता येत नाही, कारण श्रोते किती भडकतील हे बघून शुल्क ठरवता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

नेमकं इथेच घोडं पेंड खातं. 'बोलणं घटनेने संरक्षित आहे' हे वाक्य विद्यापीठ ढालीसारखं पुढे करतं आणि तिथेच थांबतं. शिक्षा करता येत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असं कायदा कुठेही म्हणत नाही. वातावरण इतकं विखारी झालं का की विद्यार्थ्याला शिकणं अवघड व्हावं, हे तपासणं आणि तसं झालं असेल तर ते सुधारणं, ही जबाबदारी उरतेच. वर्ग बदलून देणं, पहारा वाढवणं, पाठिंब्याचं निवेदन काढणं, प्रशिक्षण देणं यांपैकी कशानेही कुणाचं भाषणस्वातंत्र्य हिरावलं जात नाही.

म्हणून ओसीआरकडे जाण्याआधी विद्यापीठाला लेखी कळवणं सर्वांत महत्त्वाचं. विद्यापीठाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरी त्याने त्वरित व परिणामकारक पावलं उचलली नाहीत, हे दाखवायचं असतं. कळवायचं कुठे? बहुतेकांची चूक इथेच होते. बऱ्याच विद्यापीठांत द्वेषाचे प्रकार कळवायला 'बायस रिपोर्ट' नावाचा सोपा फॉर्म असतो. तो अनेकदा अशा गटाकडे जातो ज्याला चौकशीचा अधिकारच नसतो. ते चहापाण्याला बोलावतात, ऐकून घेतात आणि फाइल बंद करतात. फॉर्म भरायला हरकत नाही, पण त्याच दिवशी विद्यापीठाच्याच समान संधी किंवा नागरी हक्क कार्यालयाला स्वतंत्र ईमेल पाठवावा. विषयात 'टायटल सिक्स तक्रार' हे शब्द असावेत आणि पोचपावती मागावी.

ईमेलमध्ये तारीख, वेळ, इमारत, खोली लिहावी. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत म्हटले त्या भाषेत. 'अर्वाच्य बोलले' असं मोघम नको. साक्षीदारांची नावं द्यावीत. समाजमाध्यमावरचा मजकूर असेल तर पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. नुसता कापलेला तुकडा पुढे कामाला येत नाही. वसतिगृहाच्या दारावर काही खरडलं असेल किंवा दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (ज्यू लावतात ती धर्मवचनांची डबी) उपटला असेल तर हात लावण्याआधी फोटो काढावा, कारण सफाईवाले तासाभरात रंग मारून मोकळे होतात आणि पुरावाही जातो. मग परिणाम लिहावा: किती तास बुडाले, कोणती वाट टाळावी लागली, खोली बदलली का, समुपदेशकाकडे जावं लागलं का. हा भाग लोक गाळतात. रागाची पानंच्या पानं लिहितात आणि शिक्षणावर काय परिणाम झाला याची एक ओळ नसते.

मुदत १८० दिवसांची, घटनेपासून, आणि सुट्टीचे दिवसही धरून. विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपेपर्यंत थांबला असाल तर ती संपल्यापासून ६० दिवसांत येता येतं; पण त्यासाठी सवलत मागावी लागते, आपोआप मिळत नाही. निनावी अर्ज तक्रार म्हणून धरला जात नाही. अर्जानंतर संमतीपत्र येतं. ते सही करून दिलेल्या मुदतीत परत पाठवलं नाही तर प्रकरण तिथेच संपतं. स्पॅम फोल्डर रोज बघत जा, गंमत नाही. हीच तक्रार घेऊन कुणी न्यायालयात गेलं असेल तर ओसीआर सहसा आपलं दार बंद करतं. चौकशी सुरू झाल्याचं पत्र आलं म्हणजे विद्यापीठ दोषी ठरलं असंही नाही, बातम्यांत काहीही छापून येवो.

आता मुख्य मुद्दा: हाती काय पडतं? जून २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ यांच्याशी झालेले करार चांगले नमुने आहेत. मिशिगनमध्ये ७५ तक्रारींची हाताळणी तपासली गेली. एका ज्यू विद्यार्थ्याच्या तक्रारीवर, प्रकार समाजमाध्यमावर घडला म्हणून औपचारिक कारवाई होणार नाही, असं उत्तर दिलेलं होतं. पॅलेस्टाइनच्या बाजूने निदर्शनं करणाऱ्याला 'दहशतवादी' म्हटल्याच्या प्रकरणात संवादाची बैठक घेऊन बोळवण केली होती. दोन्हीकडे चूक एकच: वातावरण विखारी झालं का, हे कुणी तपासलंच नाही. दोन्ही बाजूंच्या तक्रारी एकाच फूटपट्टीने मोजल्या गेल्या, ही या सेवेची आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. सिटी विद्यापीठाच्या हंटर कॉलेजमध्ये मे २०२१ मध्ये झूमवरच्या वर्गाची दोन सत्रं काही विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली होती. कॉलेजने चौकशी केली, पण वर्गातल्या विद्यार्थ्यांना विचारलंच नाही. साक्षीदारांना न विचारता केलेली चौकशी!

करारांत साधारण हे असतं: जुन्या तक्रारी पुन्हा उघडून तपासणं, नियमावली दुरुस्त करणं, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, विद्यार्थ्यांची पाहणी, आणि ठरावीक काळ ओसीआरला अहवाल. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पाच कॅम्पसांसाठी असाच करार झाला. नुकसानभरपाई, गुण किंवा कुणाला शिक्षा यांतलं काही तक्रारदाराच्या वाट्याला सहसा येत नाही. छळणाऱ्यावर काय कारवाई झाली हेही विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेमुळे बहुधा कळत नाही. लोक समजतात काहीच झालं नाही.

आणि वेळ. हंटरची घटना मे २०२१ची, करार जून २०२४चा. दरम्यान पदवी घेऊन विद्यार्थी निघून जातात. वरातीमागून घोडं ते हेच. तुलनेला यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लॉस एंजेलिसचं कॅम्पस घ्या. २०२४च्या वसंतात तिथल्या निदर्शनांच्या तळामुळे ज्यू विद्यार्थ्यांना आवाराच्या काही भागांत जाता येत नव्हतं. विद्यार्थी जूनमध्ये न्यायालयात गेले, १३ ऑगस्टला मनाई हुकूम हातात आला आणि जुलै २०२५ मध्ये ६१.३ लाख डॉलरची तडजोड झाली. (त्याच तळावर ३० एप्रिलच्या रात्री विरोधी जमावाने हल्ला केला, तेव्हाही विद्यापीठ उशिराच जागं झालं.) पण त्या वाटेला वकील लागतो, आणि दावा टायटल सिक्सखाली असेल तर 'जाणूनबुजून दुर्लक्ष' सिद्ध करावं लागतं. ही कसोटी ओसीआरच्या कसोटीपेक्षा कठीण आहे.

मार्च २०२५ पासून सेवेची तब्येत आणखी बिघडली. बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद झाली. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को ही त्यातलीच. त्याआधीच्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२४ मध्ये, विक्रमी २२,६८७ तक्रारी आल्या होत्या. दुसरीकडे, ज्यूद्वेषाचं कारण देऊन साठ विद्यापीठांना एकदम इशारापत्रं गेली आणि २०२५च्या उन्हाळ्यात यूसीएलएचा सुमारे ५८.४ कोटी डॉलरचा संशोधननिधी रोखला गेला. कायद्यात निधी तोडायची पद्धत ठरलेली आहे: आधी समजुतीने प्रयत्न, मग सुनावणी, मग संसदेच्या समितीला अहवाल आणि ३० दिवस थांबणं. ती ओलांडून प्रयोगशाळांचे पैसे अडवल्याने दारावर नाझी चिन्ह सापडलेल्या विद्यार्थ्याला काय मिळालं, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. न्यायालयाने त्यातला बराच निधी परत सुरू करायला लावला.

मराठी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण गोंधळ खरोखर होतो. दिवाळीत वसतिगृहाच्या दारासमोर काढलेलं स्वस्तिक तिथे नाझी चिन्ह म्हणून वाचलं जातं. २०१५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन या खासगी विद्यापीठात भारतातून आणलेलं स्वस्तिक फलकावर लावणारा विद्यार्थी स्वतः ज्यू होता, तरी तो गोत्यात आला. कॅलिफोर्नियाने २०२२च्या कायद्यात नाझी 'हाकेनक्रॉइझ' आणि हिंदू, बौद्ध, जैन स्वस्तिक यांच्यात फरक केला आहे. हे सर्व राज्यांत नाही. रांगोळीत स्वस्तिक काढायचंच असेल तर आदल्या दिवशी मजल्यावरच्या रेसिडेंट असिस्टंटला (वसतिगृहावर देखरेख ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला) ईमेल करावा, चार ठिपके असलेलं काढावं, शेजारी दिवाळीबद्दल दोन ओळींचा कागद लावावा. तरीही कुणी तक्रार केलीच, तर तो आदल्या दिवशीचा ईमेल कामी येतो.

आणि प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा अहवाल उघडून पाहा. क्लेरी कायद्याप्रमाणे तो दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावा लागतो. त्यात द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांचा तक्ता असतो, धर्म आणि राष्ट्रीय मूळ हे रकाने वेगळे. मोठ्या कॅम्पसच्या तक्त्यात तीन वर्षं ओळीने शून्य दिसलं तर खूश होऊ नका; तक्रारी नोंदवतंय कोण, हे आधी विचारा.