व्हर्जिनिया, पेरिक की बर्ली? फ्लेकचे दोनच डबे मागवायचे असतील तर

परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला पाइपच्या तंबाखूचे दोन डबे सांगता येतात, शुल्क न भरता तिसरा आणायची सोय नाही. 2016च्या बॅगेज नियमांत बिनशुल्क तंबाखूची मर्यादा 125 ग्रॅम होती आणि फ्लेकचा, म्हणजे दाबून कापलेल्या तंबाखूचा, नेहमीचा डबा असतो 50 ग्रॅमचा. (प्रवासाच्या वेळी चालू नियम पाहून घ्यावा, हे आलंच.) म्हणजे प्रश्न एवढाच, की ते दोन कुठले?

एक गोष्ट आधी. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग त्यानेही होतो. ज्याने पाइप हातात धरलेला नाही, त्याने यातून काही घेऊ नये. जो आधीच ओढतो आणि आता फ्लेककडे वळतो आहे, त्याच्यासाठी हे आहे.

फ्लेक म्हणजे दाबलेल्या तंबाखूच्या वडीची कापलेली पट्टी. मधली शीर काढलेली पानं ओलसर करून, वाफवून, साच्यात थरावर थर रचतात आणि दाबाखाली ठेवतात. कुठे गरम दाब काही तासांचा, कुठे काही दिवसांचा. मग ती वडी दीड-दोन मिलिमीटर जाडीने कापतात. दाबाने एका पानाचा रस दुसऱ्यात उतरतो, चव एकजीव होते आणि तंबाखू सावकाश जळते. ‘एस्कुडो’सारख्या काही तंबाखूंची वडी नसते, गुंडाळी असते. अळूवडीचा उंडा कापावा तशा तिच्या चकत्या निघतात.

कोल्हापुरातून निपाणी चाळीसेक किलोमीटरवर. त्यामुळे तिथली पानं आणून घरीच दाबली तर, हा विचार इथे कुणाच्या तरी डोक्यात येतोच. तो सोडून द्यावा. निपाणीची विडीची तंबाखू उन्हात वाळते. सावकाश वाळताना पानातली बरीचशी साखर पान स्वतःच संपवतं, आणि निकोटीन भरपूर उरतं. व्हर्जिनिया पान भट्टीत पाच ते सात दिवस वाळवतात: आधी कमी उष्णतेवर पिवळं होऊ द्यायचं, म्हणजे पिठूळपणाची साखर होते, आणि मग उष्णता चढवत शेवटी सत्तर अंशांच्या वर न्यायची, म्हणजे ती साखर आहे तिथेच थांबते. दाबल्यावर मुरायला हीच साखर लागते. ती नसेल तर कितीही दाबा, कडक विडीच हाती येते.

आता तीन घराणी.

साधा व्हर्जिनिया फ्लेक. पिवळ्या पानाचा असेल तर वाळलेलं गवत आणि लिंबाची साल. तांबड्या पानाचा असेल तर काकवी आणि तव्यावर जरा जास्त भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा. गुऱ्हाळावर कढई उतरण्याआधीचा वास ज्याच्या नाकात बसलाय, त्याला तांबडा व्हर्जिनिया ओळखायला शिकवावं लागत नाही. डबा उघडताच मात्र यातून बऱ्याचदा चिंचेच्या सारासारखा आंबट वास येतो, आणि नवखा माणूस माल नासला म्हणून घाबरतो. तो बंद डब्यात कोंडलेला वास आहे. डबा काही तास उघडा ठेवला की बसतो. पिवळ्यातला जुना नमुना म्हणजे पूर्वी डनहिलच्या नावाने येणारा आणि आता पीटरसनच्या नावाने मिळणारा फ्लेक. गडद, ओला आणि जाड हवा असेल तर इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युअल गॉविथ कंपनीचा ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’.

व्हर्जिनिया-पेरिक. पेरिक हे अमेरिकेतल्या लुइझियानात, सेंट जेम्स पॅरिशमध्ये होतं. पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत स्वतःच्याच रसात दाबून वर्षभर आंबवतात, अधूनमधून बाहेर काढून हवा देतात आणि पुन्हा दाबतात. मनुका, अंजीर आणि मागून काळी मिरी, अशी त्याची ओळख. मिश्रणात ते थोडंच असतं, फोडणीतल्या हिंगासारखं. मिरीचा चटका जिभेपेक्षा नाकात जास्त लागतो. म्हणून हा फ्लेक तपासताना तोंडातल्या धुराचा थोडा भाग नाकावाटे सोडून पाहावा. तिथे नुसती जळजळ झाली तर पेरिक जास्त आहे किंवा ओढणं घाईचं आहे. जळजळीमागून मनुका आला तर मिश्रण जमलेलं आहे.

बर्ली असलेला फ्लेक. बर्ली सावलीत, हवेवर वाळवतात. साखर जवळजवळ नाही. भाजलेले शेंगदाणे, बिनसाखरेचा कोको, किंचित माती. हा जीभ फारशी भाजत नाही, पण धूर अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचा) असल्याने निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन शिरतं. चव सौम्य लागली म्हणून भराभर ओढणारा अर्ध्या तासात घामाघूम होतो तो इथेच. उचकी लागली की इशारा समजून पाइप खाली ठेवावा. उपाशीपोटी तर नकोच.

चौथाही एक प्रकार आहे: केंडलचेच सुगंधी फ्लेक, जिरेनियम नाहीतर टोंका बी लावलेले. ‘1792 फ्लेक’ त्यातला टोंकावाला. आवडणाऱ्याला फार आवडतात, पण ब्रायरच्या (नेहमीच्या लाकडी) पाइपात एकदा ओढले की पुढचे कित्येक दिवस प्रत्येक तंबाखूला तोच वास येतो. पहिल्या दोन डब्यांत यांना जागा नाही.

डब्याच्या वासावरून किंवा पाठीवरच्या वर्णनावरून निवाडा करायचा नसतो. पट्टी योग्य वाळल्यावर, सारख्या वजनात, सारख्या पाइपात दोन्ही ओढून पाहायच्या. फसतं ते वाळवण्यातच, आणि कोल्हापुरात तर जास्तच.

डब्यातल्या फ्लेकमध्ये पाणी साधारण 18 ते 22 टक्के असतं. ओढायला बरं पडतं 12 ते 14. परदेशी लेखात ‘पट्टी वीस मिनिटं उघडी ठेवा’ असं वाचून जुलैत इथे बशीत ठेवली तर ती वाळत नाही, उलट ओल धरते. पावसाळी हवेत तंबाखू वीस टक्क्यांच्या खाली उतरायला तयारच नसते. एप्रिलच्या दुपारी तीच पट्टी अर्ध्या तासात कुरकुरीत होते, आणि मग धूर गरम, कोरडा, बेचव. घड्याळावर विसंबू नये, काट्यावर विसंबावं. गुजरीत सोनं तोलतात तसा, एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. 20 टक्के पाण्याच्या 3 ग्रॅम पट्टीत कोरडा माल 2.4 ग्रॅम. 13 टक्क्यांवर तिचं वजन भरतं 2.76. म्हणजे काटा पावणेतीनवर आला की थांबायचं. डब्यात मुळात पाणी किती, हे माहीत नसेल तर एक ग्रॅमचा तुकडा बळी द्यावा: 100 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला की घट म्हणजे अंदाजे पाणी. पावसाळ्यात पट्टी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काचेच्या छोट्या बरणीत ठेवावी आणि दर वीस मिनिटांनी तोलावी. तव्यावर गरम करू नये, वास आधी उडतो.

भरण्याच्या दोन रीती. पट्टी दुमडून, पीळ देऊन तशीच कोंबायची, किंवा मोकळी करून भरायची. दुमडलेली सावकाश जळते, पण पेटवायला आणि पेटती ठेवायला हात बसावा लागतो. तुलनेसाठी दोन्ही तंबाखू मोकळ्याच कराव्यात, नाहीतर फरक पानाचा की भरण्याचा ते कळत नाही. मोकळी करणं म्हणजे चुन्यासोबत तंबाखू मळणं नव्हे. तेवढं रगडलं की भुगा होतो, भुग्याने वाट बंद होते. दोन बोटांत धरून धागे सुटे होईपर्यंतच. बाऊलच्या, म्हणजे पाइपच्या वाटीच्या, तळाशी सैल, वर जरा घट्ट. पेटवण्याआधी ओढून पाहावं: स्ट्रॉने पन्हं पिताना लागतो तेवढा अडसर जाणवला तर जास्त झालं, पुन्हा भरा.

तुलनेला मक्याच्या कणसाचे दोन नवे पाइप सर्वांत सोयीचे. स्वस्त असतात आणि जुन्या तंबाखूचं भूत त्यांत नसतं. मात्र नव्या कणसाचा स्वतःचा गोडसर वास पहिल्या दोन-तीन वेळा येतो, तेव्हा गुण देऊ नयेत. तांबडा रस्सा झाल्यावर दोन-तीन तास थांबावं, कारण मिरची चढलेल्या जिभेला पेरिकची मिरी कुठून कळणार? रंकाळ्याच्या वाऱ्यातही नको. वारा स्वतःच निखारा फुलवतो आणि उत्तम फ्लेकही तिखट ठरतो.

पहिल्या पेटवणीत वरचा थर फुगून वर येतो. तो हलक्या हाताने दाबून पुन्हा पेटवायचा, खरी सुरुवात तिथून. मग बाऊलचे तीन भाग मनात धरून नोंद करावी. पहिल्या तिसऱ्या भागात जवळपास सगळेच फ्लेक गोड लागतात, त्यावर भाळू नये. व्हर्जिनियाची परीक्षा मधल्या भागात: काकवी टिकते की नुसता गरम गोडवा उरतो. पेरिकची शेवटच्या भागात, कारण मिरी तिथे साठते. बर्ली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात, कंटाळवाणी वाटेल इतकी सरळ. अडीच-तीन ग्रॅमला पाऊण ते एक तास लागला तर गती बरोबर. अर्ध्या तासात संपलं तर तंबाखूला दोष देऊ नये.

तळाशी गुडगुड आली तर पट्टी ओली होती किंवा ओढणं जोराचं. पाइप क्लीनर दांड्यातून तळापर्यंत घालून ओल टिपावी. जीभ पोळली तर तेच कारण, आणि साखर जास्त असल्याने पिवळ्या व्हर्जिनियात ते सर्वांत लवकर होतं. वारंवार विझत असेल तर वाळवणं कमी पडलं. राख करडी, भुरभुरीत आणि तळाशी चिकट काळा गोळा नाही, असं आलं तर वाळवण आणि भरणं दोन्ही जमलं.

तेव्हा निवड. सिगारेटवरून आलेला, ज्याचा हात आपोआप दर दहा सेकंदांनी तोंडाकडे जातो, त्याने पहिला डबा बर्ली असलेल्या फ्लेकचा घ्यावा, पण छोट्या बाऊलमध्ये, एक-दीड ग्रॅमच. पिवळा व्हर्जिनिया घेतला तर आठवड्यात जीभ सोलवटते आणि डबा कुणाला तरी देऊन टाकतो. संथ ओढणाऱ्याला तांबडा व्हर्जिनियाच. पट्ट्या ओल्या आणि जाड असल्या तरी वरचा काट्याचा हिशेब सांभाळला की तो शिकवतोही जास्त. दुसरा डबा दोघांसाठीही पेरिकचा, मात्र पहिला निम्मा संपेपर्यंत सील फोडू नये. व्हर्जिनिया असलेला बंद डबा वर्ष-दोन वर्षं मुरला तर गोलच होतो. बर्लीला त्या मुरण्याचा तेवढा फायदा नाही.

सील फोडलं की पट्ट्या रबरी वायसरच्या काचेच्या बरणीत भरून अंधाऱ्या कपाटात. फ्रीज नको. लोणच्याची जुनी बरणी तर मुळीच नको, काच धुतली जाते, वायसरमधला वास जात नाही. पट्टीवर चमकणारे बारीक पांढरे कण दिसले तर ते मुरल्याचं लक्षण. पांढरं काही कापसासारखं, जाळीदार, कुबट वासाचं असेल तर ती बुरशी. वरची पट्टी काढून बाकी वापरण्याचा मोह होतो, पण अख्खी बरणी फेकायची.