नऊ चालतात, एक अडकते: जुन्या फिल्म न्वार डीव्हीडींचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या रविवारी ‘किस ऑफ डेथ’ हा फिल्म न्वार (म्हणजे गुन्हेगारीवरचा, काळोख्या वातावरणाचा जुना अमेरिकी चित्रपट) तिसऱ्यांदा लावला आणि तो तिसऱ्यांदा त्याच जागी अडकला. रिचर्ड विडमार्कचा टॉमी युडो दिव्याची वायर उपसतो, चाकांच्या खुर्चीतल्या बाईला त्याच वायरने बांधतो, खुर्ची जिन्याकडे नेतो, आणि नेमके तिथे चित्राचे चौकोनी तुकडे होऊन सगळे गोठते. १९४७ सालच्या या पहिल्याच चित्रपटातील ज्या भूमिकेने विडमार्कला ऑस्करचे नामांकन मिळवून दिले, ती माझ्याकडे आठ महिने जिन्याच्या वरच्या पायरीवर खोळंबून आहे.

दहा वापरलेल्या डीव्हीडींचा गठ्ठा मी दीड हजारांना घेतला, म्हणजे चित्रपटामागे दीडशे रुपये. अडकणाऱ्या तबकडीवरचा ओरखडा माझ्याच हाताळणीमुळे पडला, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. मी तबकडी मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे पुसली, दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहिली, कोणीतरी सुचवले म्हणून टूथपेस्टही चोळली (हा उद्योग कृपया कोणी करू नये). युडो हलला नाही.

उरलेल्या नऊ तबकड्यांबद्दल तक्रार नाही. उलट पैसे वसूल करण्याच्या हट्टाने त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि माझे पहिले मत मलाच मागे घ्यावे लागले. पहिल्या महिन्यात मी हम्फ्री बोगार्टला सर्वांत टणक ठरवले होते आणि ‘आउट ऑफ द पास्ट’मधला रॉबर्ट मिचम अर्धवट झोपेत काम करतो, असे वहीत लिहून ठेवले होते. मग ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) दुसऱ्यांदा पाहताना एक जागा सापडली: बोगार्टचा खासगी गुप्तहेर सॅम स्पेड जाड्या खलनायक गटमनच्या खोलीत पेला फोडून थयथयाट करतो, बाहेर पडल्यावर आपल्याच नाटकावर हसतो, आणि मग त्याचे लक्ष स्वतःच्या थरथरणाऱ्या हाताकडे जाते. पहिल्या वेळी हा हात माझ्या नजरेतून पूर्णपणे निसटला होता.

तेव्हापासून मी चेहऱ्यांऐवजी हातच पाहू लागलो. ‘डबल इन्डेम्निटी’त (१९४४) फ्रेड मॅकमरे अंगठ्याच्या नखावर काडी ओढून एडवर्ड जी. रॉबिन्सनचा सिगार पेटवत राहतो, आणि शेवटी गोळी लागून दारात कोसळलेल्या मॅकमरेची सिगारेट पेटवून देण्याची पाळी रॉबिन्सनवर येते. एकही जड शब्द न उच्चारता दोघांचे नाते त्या काडीवर तोलले आहे. मिचमबद्दलची वहीतली ओळ मी खोडली. त्याच्या जड पापण्यांमागे झोप नसून, पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा कंटाळा आहे. ‘द ॲस्फाल्ट जंगल’च्या (१९५०) शेवटी स्टर्लिंग हेडन रक्तबंबाळ अवस्थेत गाडी हाकत केंटकीतल्या घोड्यांच्या कुरणापर्यंत पोहोचतो आणि तिथेच कोसळतो, तेव्हा मात्र हात पाहायचे भान राहत नाही.

या सगळ्यामुळे युडोचा जिना अधिकच खुपतो. काल विक्रेत्याचे अखेर उत्तर आले: संपूर्ण गठ्ठा परत पाठवल्यास संपूर्ण रक्कम मिळेल. स्पेडचा हात आणि मॅकमरेची काडी परत करण्याचा माझा इरादा नसल्याने मी फक्त दीडशे रुपये मागितले आहेत, आणि पुन्हा शांतता आहे.