चौकटीतला किमोनो : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

ठाण्यातील आमच्या घरात गेल्या हिवाळ्यापासून किमोनो या जपानी पारंपरिक पोशाखाशी संबंधित तीन चौकटी भिंतीवर आहेत. एक कॅनव्हासवरील छापील चित्र, दुसरी एका प्रसिद्ध जपानी चित्राची कागदावरील प्रतिकृती आणि तिसरी खऱ्या किमोनोची बाही. तिन्हींनी कडक उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा काढला असल्यामुळे त्यांच्याविषयी आता ठामपणे काही लिहिता येईल.

कॅनव्हासचे चित्र ऑनलाइन मागवले होते. छत्री धरलेली तरुणी, मागे चेरीचा बहर आणि जिथे जागा मिळेल तिथे सोनेरी झळाळी. येणारे-जाणारे सुरुवातीला याच चित्राचे कौतुक करत होते. मात्र जपानी शिकलेल्या एका मैत्रिणीने ते पाहताच विचारले, की हिला मृताचा पोशाख का घातला आहे? किमोनो घालताना पुढची डावी बाजू उजवीच्या वर घेतात. उजवी बाजू वर घेण्याची रीत फक्त मृतदेहासाठी आहे. विक्रेत्याने मूळ चित्र आरशातल्यासारखे उलटवून छापले होते आणि तक्रार केल्यावर ‘रंग तर छान आले आहेत’ एवढेच उत्तर आले. त्यामुळे समोरून काढलेले कोणतेही किमोनोचे चित्र घेताना गळ्यापाशी नीट पाहावे. पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडची बाजू वर दिसली, तर चित्र सुलट आहे. अर्थात हा दोष नसता, तरी ते चित्र फार काळ आवडले असते असे वाटत नाही. त्यातील नक्षी कापडाच्या घड्यांबरोबर वळत नाही, ती वरून चिकटवल्यासारखी सपाट राहते, आणि रोज पाहू लागल्यावर डोळ्यांना तेच खुपते.

दुसऱ्या चौकटीत हिशिकावा मोरोनोबु या चित्रकाराच्या ‘मागे वळून पाहणारी सुंदरी’ या चित्राची प्रतिकृती आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमावर रंगवलेले मूळ चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून ते साधारण ६३ सेंटिमीटर उंच आणि ३१ सेंटिमीटर रुंद आहे. जपानी टपाल खात्याने १९४८ मध्ये त्याचे तिकीट काढले, तेव्हापासून संग्राहकांमध्येही ते विशेष ओळखीचे झाले. मोरोनोबु हा भरतकाम करणाऱ्या घरातला मुलगा होता, आणि ते चित्रात लपत नाही. स्त्री पाठमोरी आहे, चेहरा जेमतेम एका बाजूने दिसतो, पार्श्वभूमी पूर्ण रिकामी आहे आणि सगळे लक्ष लाल किमोनोवरील फुलांच्या गोलाकार गुच्छांकडे व कमरेच्या ओबीच्या, म्हणजे रुंद कमरपट्ट्याच्या, गाठीकडे जाते. इतके महिने रोज पाहूनही या चित्राचा कंटाळा आलेला नाही.

त्याचे कारण मला किमोनोच्या रचनेतच सापडते. किमोनो हा मुळात पाठीवर रेखाटलेले चित्र आहे. १६६० च्या दशकापासून जपानमध्ये किमोनोच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली, आणि त्यांत पानापानावर पसरलेल्या बाह्यांचा पाठमोरा किमोनोच दाखवलेला असे; गिऱ्हाइकाने त्यातून नमुना निवडायचा. त्या काळच्या कित्येक नमुन्यांत मोठी नक्षी उजव्या खांद्यावरून सुरू होऊन वळसा घेत खालच्या काठापर्यंत उतरते आणि डाव्या कमरेजवळचा भाग मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. ही मोकळी जागा भिंतीवर फार शोभते. शिवाय रिकामे किमोनो चित्रविषय करण्याची परंपराही तिकडे जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून असे घडीचे पडदे रंगवले गेले, ज्यांवर माणूस एकही नाही, फक्त लाकडी दांडीवर टाकलेली वस्त्रे आहेत. चौकटीतला किमोनो ही काही आजच्या सजावटकारांची कल्पना नव्हे.

तिसरी चौकट सर्वांत महाग पडली, आणि कापडापेक्षा चौकटीचाच खर्च अधिक झाला. क्योटोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो, तिथे जुन्या किमोनोंचे ढीगच्या ढीग असतात. त्यातून फुरिसोदेची, म्हणजे अविवाहित मुलींच्या लांब बाह्यांच्या किमोनोची, एक सुटी बाही घेतली. चांगले वस्त्र फाडून चौकटीत घालावे का, हा प्रश्न रास्त आहे. पण किमोनो साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशा एकाच पट्टीच्या सरळ तुकड्यांतून शिवला जातो. पूर्वी तो उसवून, तुकडे धुऊन पुन्हा शिवत असत. त्यामुळे उसवलेली बाही घ्यावी आणि कात्री लावलेला तुकडा टाळावा, असे माझे मत आहे.

या बाहीवर युझेन या जपानी कापड-रंगकामाच्या पद्धतीने काढलेला पाण्याचा प्रवाह आणि त्यावर वाहणारी मेपलची पाने आहेत. काचेला नाक लावून पाहिले की प्रत्येक पानाभोवती दोऱ्याएवढी पांढरी रेघ दिसते. चिकट तांदळाचा लगदा कागदी शंकूतून पिळून ही रेघ ओढतात, म्हणजे शेजारचे रंग एकमेकांत उतरत नाहीत. धुतल्यावर लगदा जातो आणि रेशमाचा मूळ रंग रेघेच्या रूपाने उरतो. त्याआधीचे कच्चे रेखाटन एका निळ्या रानफुलाच्या रसाने करतात, जो पाण्याने पूर्ण निघून जातो. माझ्या बाहीवर एका पानाची रेघ मध्येच तुटली आहे आणि तिथून केशरी रंग थोडा बाहेर गेला आहे. छापील प्रतीत ही गोष्ट कधीच मिळाली नसती.

चौकटकाराने बाही गोंदाने चिकटवण्याची तयारी केली होती, ती थांबवून सुती कापड मढवलेल्या आम्लरहित पुठ्ठ्यावर ती बारीक टाक्यांनी धरायला लावली. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक घेतले आणि ते कापडाला टेकणार नाही अशी आतून पट्टी घातली. संग्रहालये जुन्या रेशमावर ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासच, म्हणजे मंद, प्रकाश पडू देतात, म्हणून आम्ही त्या भिंतीवरचा झोतदिवा काढूनच टाकला.

पावसाळ्याचा निकाल असा. कॅनव्हास सैल पडला आणि त्याच्या मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके आले. प्रतिकृतीचा पुठ्ठ्याचा माउंट खालच्या कडेला किंचित फुगला आहे, तो बदलावा लागेल. बाहीला काहीही झालेले नाही, मात्र ती बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर नसून आतल्या भिंतीवर आहे आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवली आहे. जपानमध्येही पावसाळी दिवस सरले की पेटीतले किमोनो सावलीत वारे देण्यासाठी बाहेर काढण्याची रीत आहे. आम्ही ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात चौकट उतरवून दिवसभर पंख्याखाली ठेवली.

जुने कापड ऑनलाइन घेणार असाल, तर विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडात काढलेले उलट बाजूचे छायाचित्र अवश्य मागवावे. घामाचे पिवळे डाग, कसरीने पाडलेली भोके आणि घडीवर विरलेले रेशीम तिथे आधी दिसते, आणि उलट बाजूचा रंग सुलट बाजूपेक्षा बराच गडद असेल, तर ते कापड आधीच उन्हाने फिके झाले आहे असे समजून किंमत ठरवावी.