लिव्हरमधली गाठ : ओपन, दुर्बीण की जाळणं?

आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला की घरच्यांच्या कानावर तीन शब्द पडतात : ओपन, म्हणजे पोट उघडून गाठीसकट लिव्हरचा भाग काढणं; दुर्बीण, म्हणजे तेच छोट्या छिद्रांतून; आणि ॲब्लेशन, म्हणजे सुई घालून गाठ जाळणं. मग पेशंटचा मुलगा मला कॉरिडॉरमध्ये गाठतो, "सिस्टर, सेफ कुठलं?"

ओपन आणि दुर्बीण यांतला फरक मुख्यतः पोटाच्या भिंतीचा. ऑस्लोमध्ये 280 पेशंटवर झालेल्या चाचणीत ओपननंतर 31 टक्क्यांना गुंतागुंत झाली, दुर्बिणीनंतर 19 टक्क्यांना. आयुर्मानात फरक पडला नाही. बरगडीखालचा लांब छेद दुखतो, म्हणून पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि उजव्या फुप्फुसाचा तळ मिटतो. श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं ते प्लॅस्टिकचं खेळणं त्यासाठीच असतं. नातेवाईक ते खिडकीत ठेवून देतात, मला राग येतो.

आत मात्र दोन्हीकडे लिव्हरच कापलेलं असतं, त्यामुळे पित्त गळण्याची भीती दुर्बिणीतही राहते. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातून पिशवीत काढलेल्या नळीत, गुलाबीसर पाणी येणं ठीक. तिसऱ्या दिवशी ते मोहरीसारखं पिवळं किंवा हिरवट दिसलं तर मी लगेच डॉक्टरांना बोलावते. त्या पाण्यातलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तातल्यापेक्षा तिप्पट निघालं की ते पित्त. बऱ्याचदा नळी जास्त दिवस ठेवली की गळती आपोआप थांबते, काहींना एंडोस्कोपीतून पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) लागतो. पिशवीसकट घरी जायची तयारी ठेवा.

खरी धास्ती असते उरलेलं लिव्हर कमी पडण्याची. निरोगी लिव्हर 20-25 टक्के उरलं तरी सहसा भागतं. बरेच केमो झाले असतील तर 30 टक्के तरी हवं, कारण केमोतलं ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतं आणि इरिनोटिकॅनने चरबी साठू शकते. पाचव्या दिवशी बिलिरुबिन चढतं आहे, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) सुधारत नाही, पेशंट गुंगीत बोलतोय, तर प्रकरण गंभीर. उरणारा भाग आधीच लहान दिसत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी) बंद करून काही आठवडे थांबतात, तोवर दुसरी बाजू वाढते.

जाळण्यात हे संकट जवळजवळ टळतं. एखादी रात्र दवाखान्यात, मग काही दिवस कणकण. नेदरलँड्समधल्या कोलिजन (COLLISION) चाचणीत 3 सेंमीपर्यंतच्या गाठींसाठी ऑपरेशनपेक्षा जाळण्याने गुंतागुंत कमी झाली आणि आयुर्मान घटलं नाही. पण मोठ्या शिरेला चिकटलेल्या गाठीची उष्णता वाहतं रक्त पळवतं, कडेच्या पेशी वाचतात. लिव्हरच्या मध्याजवळ पित्तनलिका भाजू शकते. पित्तनलिकेत स्टेंट असलेल्यांना नंतर लिव्हरमध्ये पू होण्याचा धोका जास्त. घरी गेल्यावर हुडहुडी भरली तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका.

माझं मत विचाराल तर : एक-दोन लहान, खोल गाठी असतील तर जाळण्याचं आधी विचारा. कडेला असतील तर दुर्बीण. मोठ्या, पसरलेल्या असतील तर 'छोटं काहीतरी करा' असा हट्ट धरू नका, ओपनच बरं. गाव लांब असेल तर पहिले दोन आठवडे शहरातच नातेवाइकांकडे काढा, कुठलाही मार्ग निवडला तरी.

आणि तारीख घेण्याआधी सर्जनना एवढं विचारा : सीटीवर मोजून किती टक्के लिव्हर उरणार?