कॉलेज फेलोशिपची जबाबदारी: विद्यार्थी असताना, पूर्णवेळ, की नोकरी सांभाळून?

कॉलेजातली ख्रिस्ती मुलंमुली प्रार्थनेला आणि बायबल अभ्यासाला ज्या गटात जमतात, त्याला आम्ही फेलोशिप म्हणतो. दिवाळीची सुट्टी संपली की तिथल्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, पुढच्या वर्षी सचिव म्हणून माझं नाव घेतायत. काय करू?" कधी संभाजीनगरच्या विद्यापीठातून, कधी नांदेडहून, कधी लातूरहून. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न असतो: "आणि एम.एस्सी. झाल्यावर पूर्णवेळ सेवेत ये म्हणतायत." दोन्ही गोष्टी एका दमात विचारल्या जातात आणि तिथंच घोळ होतो. ही दोन वेगळी कामं आहेत: सचिव म्हणजे आपल्याच गटाचा विद्यार्थी पुढारी, पूर्णवेळ म्हणजे असे गट सांभाळणाऱ्या संस्थेचा स्टाफ. तिसरंही एक आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. मी एक वर्ष सचिव होतो, तीन वर्षं पूर्णवेळ होतो आणि आता जालन्यात मास्तरकी करतो. त्या भरवशावर लिहितोय.

आपल्याकडे पुढारी म्हटलं की पांढरे कपडे आणि मागं चार गाड्या. विद्यार्थी फेलोशिपमधला पुढारी म्हणजे ज्याच्या खोलीतली चटई मोठी, तो. आमचा बायबल अभ्यास बुधवारी संध्याकाळी भाड्याच्या खोलीत असायचा. दाराबाहेर अकरा चपलांचे जोड, आणि वरून घरमालकीणबाईंचा आवाज, "आज पुन्हा आहे का रे?" येणाऱ्यांत बीडकडचा एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला गेलेले, उचल घरीच खर्ची पडलेली. मी अभ्यासाची तयारी मन लावून करायचो, दोन-दोन तास टिपणं काढायचो. पण हा पोरगा महिनाभर मेसचा एकच डबा घेतो आणि तो दोन वेळा पुरवतो, हे मला कळलंच नाही. आमच्या प्रार्थना सचिव असलेल्या मुलीनं सांगितलं, तेव्हा डोळे उघडले. मग डब्याचे पैसे सगळ्यांनी वाटून घेतले, त्याला न कळता. ते पद घेतलं नसतं तर हे शिकायला मला बहुधा पगाराची नोकरी आणि पंचवीस वर्षं लागली असती.

म्हणून विद्यार्थी असतानाची जबाबदारी मला तिन्हींत सगळ्यात स्वस्त वाटते. चूक झाली तर वर्षभरात माणसं बदलतात, तुम्हीही बदलता. पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो: आठवड्याला एक सभा, एक तयारीची संध्याकाळ आणि अधूनमधून कुणाच्या तरी रडण्याचे दोन तास. सेमिस्टरच्या परीक्षा तोंडावर आल्या की हे जड जातं. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलाला मी सरळ नको म्हणतो. त्यानं सभेला आलं तरी पुष्कळ झालं. मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं, आणि सभा सात वाजता ठेवणारे सगळे मुलगे असतात. मुलगी सचिव झाली की सभा आपोआप चार वाजता येते. हा एक मुद्दा मी तिला हो म्हणण्याच्या बाजूनं मोजतो.

आता पूर्णवेळ. इथं पहिला गैरसमज असा की ही बढती आहे. तसं नाही, आणि संस्थेगणिक चित्र बदलतं. १९५४ साली भारतात सुरू झालेल्या यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेत काम विद्यार्थ्यांनी चालवायचं, पदवीधरांनी पाठबळ द्यायचं आणि स्टाफनं शिकवायचं, अशी रीत आहे. म्हणजे तिथं स्टाफ झालात की पुढं उभं राहणं संपलं, मागं बसणं सुरू. कॅम्पस क्रुसेड ही अशीच दुसरी संस्था १९५१ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथं स्टाफ स्वतः पुढं असतो. माइक हातात असण्याची सवय झालेल्यानं हा फरक आधी समजून घ्यावा. मला तो दोन वर्षांनी समजला.

दुसरी गोष्ट पैसा. बहुतेक ठिकाणी स्वतःचं पाठबळ स्वतः उभं करावं लागतं. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, महिना दोन हजार सहज जमतात. आपल्याकडच्या गावांत पाळकसाहेबांचाच पगार थकलेला असतो. जालन्याजवळच्या एका गावी मी वही घेऊन गेलो होतो. एका आजीनं पदराची गाठ सोडली, पन्नासची घडी केलेली नोट काढली आणि म्हणाली, "लिही बाबा, दर महिन्याला." ती खरंच दर महिन्याला पाठवायची. ज्या महिन्यात मी आळस केला, त्या महिन्यात ती नोट डोळ्यासमोरून हलली नाही. असे पैसे पेलायची तयारी आहे का, हे कॅम्पच्या शेवटच्या रात्री, सगळे गात असताना कळत नाही. पाचारणाचा, म्हणजे देवानं या सेवेला बोलावलंय का याचा, निर्णय त्या रात्री घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

शिवाय हिंडणं. एकाच माणसाकडं चार जिल्हे असतात. परभणी स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेसची वाट बघत मी किती रात्री काढल्या, मोजल्या नाहीत. बायबलात मोशे एकटाच सगळ्या लोकांचा न्याय करत बसायचा, तेव्हा त्याला त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, दहा-दहांवर माणसं नेम असं सांगितलं होतं. आमच्या वरिष्ठांनी तो अध्याय शिकवला भरपूर, माणसं काही नेमली नाहीत. तेव्हा होकाराआधी तीन गोष्टी लेखी मागा: भविष्य निर्वाह निधी आहे का, आजारपणात खर्च कुणाचा, आणि तुमचा हिशेब कुणाला द्यायचा. विचारलं म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

एक नाजूक गोष्टही आधी बोलून घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढं १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. मराठवाड्यात ज्या घरात जातीचा दाखला आहे आणि रविवारी चर्चही आहे, तिथल्या मुलाचं नाव सभेच्या पत्रिकेवर छापण्याआधी त्याला घरी बोलू द्या. शिष्यवृत्ती त्याची जाते, आपली नाही. कॉलेजच्या आवारात सभा घ्यायची तर प्राचार्यांची परवानगी घ्या. राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करू देतं, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असं म्हटलंय. मदत हे आमिष वाटू नये, म्हणूनच डब्याचे पैसे देताना आम्ही कधी सभेचं नाव काढलं नाही.

आणि तिसरं, नोकरी सांभाळून. बायबलातला प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या (तंबू) करायचा आणि शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात बोलायचा. माझ्या राहुट्या म्हणजे नववीचं गणित. महिन्यातून दोन रविवारी पोरं जेवायला येतात, बायको म्हणते भाकरी कमी पडतात पण तक्रार करत नाही. कुणाची फी, कुणाचं प्रवासभाडं, एवढं पगारातून निघतं. हे काम दिसत नाही, त्यामुळं त्यासाठी कुणी तुम्हाला विचारणार नाही. थकवा येतो, बदली होते. आणि सिनियर म्हणून मागून समिती चालवायचा मोह होतो, मला झालाय. दोनदा एका सचिव मुलीनं शांतपणे सांगितलं, "सर, हे आम्ही ठरवू."

माझा कौल असा: पद आलं तर विद्यार्थी असतानाच घ्या, फक्त एक वर्ष. पूर्णवेळचं पदवीनंतर लगेच नको. दोन वर्षं कुठंतरी पगार कमवा, घरी पैसे द्या, मग बोला. लग्नाच्या वयात "मुलगा काय करतो" या प्रश्नाला उत्तर देताना ती दोन वर्षं कामी येतात. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा कर्ज आहे, त्यांनी तिसरा रस्ता धरावा.

फोन करणाऱ्याला मी उलटा प्रश्न विचारतो, "तुझ्यानंतर कोण?" नाव सांगता आलं नाही, तर त्या मुलाला किंवा मुलीला सहसचिव म्हणून आत्ताच बरोबर घे म्हणतो. आणि नकार द्यायचा असेल तर फेब्रुवारीच्या आत कळवा. मार्चमध्ये कळवलं तर दुसऱ्याला परीक्षेच्या तोंडावर तयार व्हावं लागतं.